नारदाच्या गादीवरून पुढाऱ्याशी कसं बोलावं

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी, साडेदहाच्या सुमाराला मंडपाच्या मागच्या अंगाला गडबड सुरू होते. आधी दोन पांढऱ्या गाड्या येतात, मग पाच-सात पोरं पुढे पळत येतात, आणि मंडळातला एकजण वाकत वाकत गादीपर्यंत येऊन कानाशी सांगतो, "ताई, साहेब आलेत." टाळ मंदावतात. मृदंगाचार्य माझ्या तोंडाकडे बघतात. अभंगाचा चरण अर्धा म्हणून झालेला असतो. तुम्ही आता काय करता, यावर साहेबांशी तुमचं पुढचं नातं ठरतं.

मी बत्तीस वर्षं कीर्तन करते. गंगाखेडजवळचं आमचं गाव, म्हणजे जनाबाईंची माती. कीर्तन वडिलांकडून शिकले. परभणी, बीड, लातूर, नांदेड या चार जिल्ह्यांत सप्ताह करत आयुष्य गेलं. एवढ्या काळात सरपंच, जिल्हा परिषदेचे सदस्य, कारखान्याचे चेअरमन, आमदार आणि दोन वेळा मंत्री माझ्यासमोर बसून गेले. हल्ली कीर्तन शिकणारी पोरं-पोरी विचारतात, "ताई, पुढारी समोर बसला की काय बोलायचं?" काहींना भीती वाटते, काहींना चेव येतो. दोघांसाठी हे लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. पुढाऱ्याच्या मनाला हात घालता येतो, मी घातलेला आहे. पण ज्याला त्याच्याकडून स्वतःसाठी काहीही नको आहे, त्यालाच ते जमतं. आणि ते बहुतेक वेळा मंडपात होत नाही, मंडप उठल्यावर ओसरीवर होतं.

सुपारी घेतानाच विचारायचं

सप्ताहाची तारीख घ्यायला मंडळाचा फोन येतो, तेव्हाच तीन गोष्टी विचारून घ्या. बिदागी कोण देणार? त्या दिवशीची पंगत कोणाची? आणि फ्लेक्सवर कोणाचे फोटो आहेत? संकोच करू नका. मी सरळ सांगते, "माझी बिदागी गावच्या वर्गणीतून द्या. कमी असली तरी चालेल, एकट्या माणसाची नको." अन्नदान कोणीही करावं, भुकेल्याच्या पोटात गेलेल्या घासाला पक्ष नसतो. पण कीर्तनकाराच्या पिशवीत गेलेलं पाकीट पुढच्या वेळी गादीवर तुमच्या आधी येऊन बसतं.

एकदा एका चेअरमनसाहेबांच्या माणसाने माझ्या ड्रायव्हरच्या हातात पाकीट ठेवलं. आत एक्कावन्न हजार होते. मंडळाशी पाच हजार ठरले होते. मी ते रात्रीच परत पाठवलं, आणि सोबत नारळ दिला, कारण नुसतं परत पाठवलं तर अपमान होतो. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही कथा आपण प्रत्येक सप्ताहात रंगवून सांगतो. ती आपल्यालाही लागू आहे.

पाकिटापेक्षा मोठं आमिष सभामंडपाचं. आमदार निधीतून सभामंडप, मठापर्यंत रस्ता, संस्थानाला 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा, पुतण्याची बदली. यातलं एक जरी मागितलंत, तरी त्या माणसाशी तुमचं नातं अर्जदाराचं झालं. मग तो तुमच्या पाया पडेल, पण तुमचं ऐकणार नाही. २०२४ च्या आषाढी वारीत सरकारने दिंड्यांना प्रत्येकी वीस हजार रुपये जाहीर केले. आमच्याकडे त्यावर बरीच चर्चा झाली. वारकऱ्यांना पाणी, शौचालय, दवाखाना देणं हे सरकारचं कामच आहे, ते हक्काने मागावं. रोख रक्कम मात्र माझ्या मनाला पटली नाही. ज्याच्या हातून घेतलं त्याला उद्या 'हे चुकलं' म्हणायची वेळ आली, तर जीभ जड होते.

गादीवर असताना

कीर्तन सुरू करण्याआधीच, विणेकऱ्यांच्या देखत, मंडळाच्या अध्यक्षांना सांगा, "कोणीही आलं तरी कीर्तन थांबणार नाही. सत्कार 'हेचि दान'नंतर, म्हणजे कीर्तन संपल्यावर." आधी सांगितलं की अध्यक्षांची सुटका होते. साहेबांच्या माणसांना ते सांगू शकतात की ताईंचा नियम आहे. आयत्या वेळी नाही म्हणालात तर तो गरीब माणूस दोन्हीकडून सापडतो.

साहेब आले की मी मान लववते, "या माऊली, बसा" म्हणते, आणि त्याच चरणावर पुढे जाते. हे 'माऊली' मी येणाऱ्या प्रत्येकाला म्हणते, उशिरा आलेल्या म्हातारीलासुद्धा. खुर्ची मांडू देऊ नका. गुडघ्याचं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी, मग गावातल्या गुडघे दुखणाऱ्या चार म्हाताऱ्यांनाही खुर्च्या द्या.

समोर पुढारी दिसला म्हणून अभंग बदलू नका. लोकांना ते लगेच कळतं आणि त्यालाही कळतं. मी सप्ताहाच्या आदल्या आठवड्यातच अभंग ठरवते. गेली काही वर्षं पुष्कळदा तुकोबांचं आत्मचरित्र सांगणारा अभंग घेते, त्यातली एक ओळ आहे:

सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥

'बहुमत' हा शब्द कानावर पडला की पुढच्या रांगेतला माणूस मान वर करतो. त्याचा रोजचा शब्द आहे तो. त्याचं सगळं आयुष्य त्या एका शब्दाभोवती फिरतं, आणि इथे चारशे वर्षांपूर्वीचा एक वाणी सांगतो आहे की खरं-खोटं ठरवताना मी बहुमत मानलं नाही, मनाला साक्षीला उभं केलं. मी या ओळीवर त्याच्याकडे बघत नाही. मृदंगाकडे बघते. ओळ तीनदा म्हणते, चाल बदलत नाही, आणि पुढे जाते. त्याच्या पदरात काय पडायचं ते पडतं.

दृष्टांत देताना प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. हे गाडगेबाबांकडून शिकावं. आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचं, मग रात्री कीर्तनाला उभं राहायचं. कीर्तनात वऱ्हाडी बोलीत लोकांना विचारत जायचं आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचं. १९५६ साली, देह ठेवण्याच्या थोडंच आधी, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी कीर्तन केलं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे, जरूर ऐका. समोर वर्दीतली माणसं आहेत म्हणून आवाज बदललेला नाही. तू चोर आहेस असं ते कोणाला म्हणत नाहीत. विचारतात, थांबतात, आणि माणसाने मनातल्या मनात दिलेलं उत्तर त्याच्यापाशीच राहू देतात.

मी केलेली चूक

आता जे सांगते ते सांगायला जड जातं, पण सांगितलं पाहिजे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात जिल्हा परिषदेचे एक सदस्य पुढेच बसलेले. त्या दिवशी दुपारी जेवताना चार जणांनी मला सांगितलं होतं की गावचा रस्ता या माणसाने खाल्ला. कीर्तनात मी दृष्टांत घेतला. एक उंदीर डांबर खातो, खडी खातो, आणि वर पांढरे कपडे घालून सप्ताहाला येतो. मंडप हसून लोळला. टाळ्या थांबेनात. मला वाटलं, आज देवाने माझ्या तोंडून काम करून घेतलं.

मग माझं लक्ष बायकांच्या बाजूला गेलं. खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. तिने पदर डोक्यावरून तोंडावर ओढला, हळूच उठली, आणि शेजारणीचा हात धरून अंधारात निघून गेली. त्या सदस्याची आई होती ती. दर वर्षी सातही दिवस पहाटे काकड्याला येणारी.

रस्ता झाला नाही. तो माणूस पुन्हा कधी सप्ताहाला आला नाही. दोन वर्षांनी मला त्या प्रकरणाचे कागद बघायला मिळाले. पैसे उचलले होते ते ठेकेदाराने, आणि या सदस्याने उलट एका पत्रात चौकशी मागितली होती. पुढे तो गप्प बसला, हा त्याचा दोष खराच. पण मी भर मंडपात सांगितलं ते खोटं होतं. मी म्हातारीकडे गेले. तिने मला चहा केला आणि म्हणाली, "तुमच्या तोंडचं लोकं खरं मानतात ना ताई." एवढंच.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळते. ऐकीव गोष्ट गादीवर आणायची नाही. माणूस समोर बसलेला असताना त्याच्यावर दृष्टांत घ्यायचा नाही. आणि मंडप फार हसायला लागला तर थांबून स्वतःला विचारायचं की हे कोणाच्या जिवावर चाललंय. चारचौघांत लाजवलेला माणूस सुधारत नाही, तो हिशेब लक्षात ठेवतो.

ओसरीवर

खरं काम इथे होतं, म्हणून इथे जरा थांबते.

कीर्तन झाल्यावर साहेब पाया पडायला येतात. त्या वेळी काही मागू नका, काही सांगू नका. एवढंच म्हणा, "जेवूनच जा, माझ्यासोबत." बहुतेक जण थांबतात. कीर्तनकारासोबत जेवलं ही गोष्ट त्यांनाही हवी असते. ज्या घरी उतरला आहात त्या घरच्या मालकिणीला आधी सांगून ठेवा की पान दोनच मांडा.

असाच एक आमदार थांबला. नाव सांगणार नाही, आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. त्याची पोरं दारातच उभी. मी म्हणाले, "दादा, यांनाही जेवायला बसवू पलीकडच्या वाड्यात. आणि फोन तेवढा त्यांच्याकडे द्या." तो हसला, "काय ताई, सभामंडप ना? देऊन टाकू." मी म्हणाले, "मंडप नको. आधी जेवा." जेवताना मी त्याच्या आईची, पावसाची, तुरीच्या भावाची चौकशी केली. हात धुतल्यावर बोलले.

त्याच वर्षी जानेवारीत मी पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्यावर सप्ताहाला गेले होते. ऊसतोडीला गेलेली आपल्याकडचीच माणसं तिथे कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकून राहतात. सकाळी मी कोप्यांवर गेले. आईबाप पहाटे तीनलाच फडात गेलेले. एका कोपीच्या तोंडाशी अकरा वर्षांची पोरगी बसली होती, कडेवर दहा महिन्यांचा भाऊ. मी गाव विचारलं, तर या आमदाराच्याच मतदारसंघातलं. तिने मला विचारलं, "ताई, आमच्या शाळेत आता कितवा धडा चालू असंल?"

मी गावी परतल्यावर शाळेत गेले. आईबाप तोडीला गेले की मुलांना गावातच ठेवून शिकवायचं, यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्या गावातही ते होतं. कागदावर. हजेरीला त्रेचाळीस नावं होती, त्यात या पोरीचं होतं, आणि मी तिला ज्या दिवशी कोपीवर भेटले त्या दिवशी ती तिथे 'हजर' होती, जेवलेलीसुद्धा होती.

मी आमदाराला एक कागद दिला. एका बाजूला गावाचं नाव, तारीख, हजेरीतली त्रेचाळीस नावं. त्यातल्या नऊ नावांसमोर मी खूण केली होती. म्हणाले, "या नऊ जणांना मी स्वतः फडावर भेटले आहे. बाकीच्यांचं मला माहीत नाही." हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. जेवढं पाहिलं तेवढंच सांगा. चौतीस नावं बिनखुणेची सोडल्यामुळे त्या नऊ नावांना वजन आलं.

त्याने कागद वाचला. म्हणाला, "हे कोण करतंय ते तुम्हाला माहितीच असंल."

"नावं मला नकोत," मी म्हणाले. "त्या पोरीने मला धडा विचारला, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. ते तुम्ही द्याल का, एवढंच विचारते."

मग तो गप्प झाला. इथे कीर्तनकाराची परीक्षा असते. दोन दोन तास बोलायची सवय असलेल्या आपल्याला शांतता सोसत नाही, लगेच एखाद्या अभंगाचं प्रमाण तोंडावर येतं. येऊ देऊ नका. मी सुपारी कातरत बसले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आमच्या वडिलांनी दोन हंगाम कोयता घेतलेला. मी आजीजवळ राह्यलो म्हणून शिकलो." हे मला आधीपासून माहीत होतं. मी मुद्दाम काढलं नव्हतं. मी काढलं असतं तर ते माझं बोलणं झालं असतं, आणि त्याने स्वतःचा बचाव केला असता. ते त्याच्या आतून आलं, म्हणून टिकलं.

पुढच्या दसऱ्यानंतर त्या गावात वसतिगृह खरोखर सुरू झालं. दोन स्वयंपाकिणी नेमल्या गेल्या. मी जाऊन पाहिलं, एकतीस मुलं भात-वरण खात होती. ती पोरगी मात्र नव्हती. धाकट्याला सांभाळायला आईबापांनी तिला नेलंच होतं.

या प्रसंगातून कामाची पद्धत घ्यायची तर अशी घ्या: एका वेळी एकच विषय काढा, आणि तो दुसऱ्याचा असू द्या. बोलताना एका माणसाचा चेहरा समोर ठेवा. सोबत एकच कागद. निर्णय व्हायच्या आधी जा, झाल्यावर गेलात तर तो त्याचं समर्थन करत बसेल. आणि त्याने काम केलं तर त्याची वाच्यता करू नका, गादीवरून तर मुळीच नको. "ताईंनी सांगितलं म्हणून साहेबांनी केलं" असं गावभर झालं की पुढच्या वेळी तो तुमच्यासोबत जेवायला बसताना घाबरेल.

निवडणुकीच्या दिवसांत

आचारसंहिता लागली की मी पुढाऱ्याशी एकट्याने बोलत नाही, कोणाच्या गाडीत बसत नाही, कोणाचं उपरणं गळ्यात घेत नाही. हे शिकायलाही ठेच लागली. काल्यानंतरच्या गर्दीत एकाने सत्कार म्हणून खांद्यावर उपरणं टाकलं. दुसऱ्या दिवशी माझा तो फोटो 'आशीर्वाद' असं लिहून घरोघरी फिरला. मला गावोगाव फोन करून सांगावं लागलं की माझा कोणाला पाठिंबा नाही. तेव्हापासून सत्काराला नारळ आणि फूल एवढंच घेते, आणि निवडणुकीत तेही नाही.

कायदाही माहीत असू द्या. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, याच्या कलम १२३ मध्ये धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरवला आहे. त्याच कलमात असंही आहे की अमक्याला मत दिलं नाहीत तर देवाचा कोप होईल, असं मतदाराच्या मनात भरवणं म्हणजे त्याच्यावर गैरवाजवी दबाव आणणं. उमेदवाराच्या संमतीने कोणी हे केलं तर निवडणूक रद्द होऊ शकते. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, चार विरुद्ध तीन अशा निकालाने, मत मागताना मतदाराच्या धर्माचा आधार घेणंही यातच येतं असं सांगितलं. शिवाय १९८८ चा एक कायदा आहे, त्याप्रमाणे देवस्थानाची जागा राजकीय प्रचाराला वापरता येत नाही. मंडळाच्या अध्यक्षांना हे तोंडपाठ करून घ्या.

मला विचाराल तर कायदा नसता तरी मी 'देव कोपेल' म्हणाले नसते. पांडुरंग विटेवर कमरेवर हात ठेवून उभा आहे. त्याच्या हातात आपण काठी द्यायची नाही.

आधी कोणाचं ऐकायचं

आमच्याकडे बीड जिल्ह्यात संत भगवानबाबांच्या भगवानगडाला किती मान आहे ते बाहेरच्यांना कळणं अवघड आहे. २०१६ साली गडाचे महंत नामदेवशास्त्री यांनी दसऱ्याला गडावरून राजकीय भाषण होऊ देणार नाही अशी भूमिका घेतली. पंकजा मुंडे यांना त्या वर्षी दसरा मेळावा गडाच्या पायथ्याशी घ्यावा लागला आणि पुढच्या वर्षी तो सावरगाव घाटला गेला. मला ती भूमिका योग्य वाटली होती, अजून वाटते. लोकांचा रोष पत्करून गादी राजकारणापासून वेगळी ठेवायची, याला धैर्य लागतं.

म्हणूनच पुढचं जास्त लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांच्या निकटच्या माणसाचं नाव त्या प्रकरणात पुढे आलं आणि त्यांच्या राजीनाम्याची मागणी सुरू झाली. जानेवारीअखेर ते गडावर मुक्कामाला गेले, आणि महंतांनी गड त्यांच्या पाठीशी असल्याचं जाहीर केलं. मंत्र्यांवर खुनाचा आरोप नव्हता, हे मान्य. दोन-तीन दिवसांनी सरपंचांचं कुटुंब गडावर गेलं, आपली बाजू मांडली, आणि मग महंतांनी गड त्यांच्याही पाठीशी असल्याचं सांगितलं. मी महंत माऊलींना दोष देण्याएवढी मोठी नाही. पण तुम्ही शिकणारी पोरं आहात, म्हणून क्रम सांगते: आधी ज्याच्या घरात सुतक आहे त्याच्याकडे जायचं. त्याच्या ओट्यावर बसायचं, ऐकायचं. सत्तेतला माणूस भेटायला आला तर त्याचं दुःखही ऐकावं, पण त्या दिवशी बाहेर येऊन माइकसमोर उभं राहू नये.

आणखी एक जखम आपल्या संप्रदायाची, आणि माझीही. जादूटोणाविरोधी कायदा कितीतरी वर्षं रखडला. त्याला विरोध करणाऱ्यांत वारकऱ्यांच्या काही संघटना होत्या. आमदारांना सांगितलं जात होतं की हा कायदा आला तर वारी बंद पडेल, कीर्तन बंद पडेल. एका निवेदनावर मीही सही केली. मसुदा वाचला नव्हता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. मग मी तो वाचला. त्यात वारी, कीर्तन, पूजा यांना हात लावलेला नाही. नरबळी, भूत काढायच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावाने फसवणूक, हे आहे. तुकोबांनी जे सांगितलं तेच. त्या सहीने कोण्या आमदाराचं मन एक दिवस जरी मागे ओढलं गेलं असेल, तर त्यात माझा वाटा आहे. आता कोणत्याही निवेदनावर सही मागायला आले की मी म्हणते, कागद ठेवून जा, उद्या या.

बोलून भागत नाही तेव्हा

१ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं, एवढीच मागणी. त्याआधी काही महिने त्यांनी गावोगाव फिरून लोकांना समजावलं होतं. ते आधी, उपोषण शेवटी. हा क्रम विसरू नका. आणि ज्या जागेत ते बसले ती जागा तनपुरे महाराजांच्या मठाची. पंढरपुरातला तेव्हाचा विरोध लक्षात घ्या, म्हणजे मठाचं दार उघडण्याचं मोल कळेल. १० मे रोजी उपोषण सुटलं. मंदिर खुलं झालं. गुरुजींचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण मी कीर्तनकारांच्या शिबिरात मुद्दाम तनपुरे महाराजांचं नाव घेते. आपल्यापैकी फार थोडे जण साने गुरुजी होतील. पण मठाची किल्ली पुष्कळांच्या कनवटीला आहे.

दुसऱ्या धर्मातल्या माणसांकडूनही शिका. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरवी वसई वाचवायला बिल्डरांच्या आणि गुंडगिरीच्या विरोधात लोकांसोबत रस्त्यावर उतरले होते. जानेवारी २०२० मध्ये आमच्या मराठवाड्यात, उस्मानाबादला (आताचं धाराशिव), ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, प्रकृती बरी नसताना आले. धर्मगुरूने आपल्या माणसांसोबत उभं राहायचं म्हणजे काय, ते त्यांच्याकडे बघून कळायचं.

शेवटी, न ऐकणाऱ्यांबद्दल. तेच पुष्कळ असतात. ज्या आमदाराने वसतिगृह सुरू केलं, त्यालाच मी तीन वर्षांपूर्वी दुसरा कागद दिला आहे. गावच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर देशी दारूचं दुकान आहे, ते हलवायचं. त्याने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि भाकरीचं कौतुक केलं. दुसऱ्या वर्षी म्हणाला, "बघू." गेल्या वर्षी जेवायला थांबलाच नाही, गाडीतूनच हात जोडले. मी गादीवरून त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. यंदा सप्ताह मार्गशीर्षात आहे. मालकिणीला दोन पानं मांडायला सांगून ठेवलं आहे, आणि तोच कागद तारीख बदलून पुन्हा लिहून काढला आहे. या वेळी खाली एक ओळ वाढवली आहे: त्या दुकानासमोरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या. मी स्वतः दोन सकाळी झाडाखाली बसून मोजली. सदुसष्ट.